संततीचा निर्णय आणि आईबापाचे देणे

उधारीवर माल उचलण्यापूर्वी व्यापारी दोन गोष्टी पाहतो : रक्कम किती आणि फेडायची केव्हा. या दोन प्रश्नांची उत्तरे नसताना जो माल उचलतो त्याला बाजारात कोणी शहाणा म्हणत नाही. परंतु घरात मूल येणार असते तेव्हा हाच माणूस वही मिटून ठेवतो. "चोच दिली तो चारा देतो" एवढे म्हणून तो मोकळा होतो.

चारा देणारा अल्लाह आहे, याविषयी मुसलमानाच्या मनात शंका नाही. पण तो चारा घरट्यापर्यंत आणण्याचे काम त्याने आईबापावर सोपविले आहे. म्हणून अपत्य हे केवळ नशीब नाही, ते एक देणेही आहे. जे देणे आहे ते वहीत आधी लिहिले पाहिजे. निर्णय कोणी व कसा घ्यावा, मुलाचे खरे देणे कोणते, देणे नसलेला खर्च कोणता आणि त्याचा हिशेब कसा बसवावा, याचा विचार या पाठात करू.

दोन हात की वीस वर्षांचा खर्च?

आपल्या कारागीर घरांत जुना हिशेब वेगळा होता. पिंजाऱ्याच्या घरात मुलगा आठ-दहा वर्षांचा झाला की गाद्या भरायला बसे. सुताराचा मुलगा रंधा धरी, मण्याराची मुलगी बांगड्यांच्या जोड्या लावी. मूल लहानपणीच घराला कमाई देई. त्यामुळे "जितकी पोरे तितके हात" हे म्हणणे त्या काळी व्यवहाराला धरून होते.

जॉन काल्डवेल या ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये हीच गोष्ट शास्त्रीय भाषेत मांडली. जोपर्यंत धन मुलांकडून आईबापांकडे वाहते तोपर्यंत मोठी कुटुंबे फायद्याची ठरतात. शाळा आली की प्रवाह उलटतो आणि धन आईबापांकडून मुलांकडे वाहू लागते. परतूरच्या मोंढ्यात हा उलटा प्रवाह आज कोणालाही दिसेल. कारखान्याची तयार गादी आली आणि पिंजण अडगळीत गेले. लहान मुलाच्या हाताला पूर्वीची किंमत उरली नाही. त्याला आता शाळा, त्यानंतर आयटीआय किंवा कॉलेज आणि मग कुठे कमाई, अशी वीस वर्षांची वाट आहे.

कायदाही तेच सांगतो. बालमजुरीविरोधी कायदा १९८६ चा आहे आणि त्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. स्वतःच्या घरच्या धंद्यात मदत करण्याची सवलत आहे, पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुटीत आणि धोक्याच्या कामात नाही. म्हणजे मुलाला शाळेतून काढून दुकानात बसविणे हा आता हिशेब नाही, गुन्हा आहे. हुन्नर जरूर शिकवावा, पण शाळेच्या जागी नव्हे, शाळेच्या जोडीला.

निर्णय घेणे म्हणजे अविश्वास नव्हे

मुलाच्या खर्चाचा विचार केला की काही मंडळी म्हणतात, हा तर रिज्कवर अविश्वास झाला. दारिद्र्याच्या भीतीने जन्मलेल्या मुलांचा जीव घेऊ नका, अशी कुरआनची ताकीद अध्याय ६ व अध्याय १७ मध्ये आहे आणि त्यांना व तुम्हाला देणारा अल्लाह आहे, असे तेथेच स्पष्ट केले आहे. ती ताकीद मुलांना मारून टाकण्याच्या दुष्ट चालीविरुद्ध आहे. गर्भ राहण्यापूर्वी पतिपत्नीने विचार करणे ही वेगळी बाब आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या काळात सहाबा अज्ल करीत होते, ही गोष्ट हदीसच्या ग्रंथांत नोंदलेली आहे. इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी तर अज्लच्या कारणांची चर्चा करताना जास्त मुलांमुळे होणारी ओढाताण टाळणे हे कारण निषिद्ध मानले नाही. कायमच्या शस्त्रक्रियेबाबत मात्र उलेमांमध्ये मतभेद आहेत. त्यासाठी आपल्या भरवशाच्या आलिमाला आणि डॉक्टरला, दोघांनाही विचारावे.

निर्णय एकट्या पुरुषाचा नाही. अज्लसाठी पत्नीची संमती हवी, असे हनफी फिक्ह सांगते. बाळंतपण तिचे, दूध तिचे, जागरण तिचे. तिला न विचारता "अजून एक होऊ द्या" म्हणणारा नवरा भागीदाराच्या सहीशिवाय कर्ज काढणाऱ्या माणसासारखा आहे. सासू, नणंद, शेजारी यांची सही तर या कागदावर लागतच नाही.

दोन मुलांमधील अंतर हाही निर्णयाचाच भाग आहे. कुरआनच्या अध्याय २ मध्ये ज्यांना दूध पाजण्याची मुदत पूर्ण करायची असेल त्यांच्यासाठी दोन वर्षे सांगितली आहेत. त्याच आयतीत त्या काळात आईच्या अन्नवस्त्राचा भार बापावर टाकला आहे आणि ऐपतीबाहेरचे ओझे कोणावर नाही, असेही म्हटले आहे. अंतर ठेवले तर आईची प्रकृती सावरते. त्याने बापाचा गल्लाही कसा सावरतो, ते पुढे हिशेबात दिसेल.

आपला समाज हा विचार करीतच नाही, असा एक आरोप नेहमी होतो. सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे वेगळे बोलतात. १९९२-९३ मध्ये देशात मुस्लिम स्त्रीमागे सरासरी ४.४ मुले होती, २०१९-२१ मध्ये ती २.३६ वर आली. लाखो घरांनी कोणी सांगितल्यावाचून हा निर्णय घेतला आहे. आमचे म्हणणे एवढेच की तो उसासे टाकत, लपतछपत घेऊ नये. दोघांनी समोरासमोर बसून, वही उघडून घ्यावा.

एक बाब स्थानिक राजकारणात उतरू पाहणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झालेल्या व्यक्तीला ग्रामपंचायत व नगरपरिषदेची निवडणूक लढविता येत नाही. धार्मिक स्वातंत्र्याच्या आधारे अशाच एका कायद्याला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये हरियाणाच्या जावेद खटल्यात फेटाळले. कायदा आवडो न आवडो, त्याची माहिती आधी असावी.

खरे देणे कोणते?

मूल जन्मले की आईबाप त्याचे देणेकरी होतात. या देण्याच्या पाच बाबी आहेत.

पहिली बाब नफका, म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी. हनफी कायद्याप्रमाणे मुलगा वयात येईपर्यंत आणि मुलीचे लग्न होईपर्यंत हा भार बापावर आहे. अपंग किंवा आजारी मुलगा मोठा झाला तरी भार सुटत नाही. बाप गरीब व असमर्थ असेल आणि आईची ऐपत असेल तर तिने सांभाळावे, नंतर आजोबांनी. ज्यांचे पोट आपल्यावर अवलंबून आहे त्यांना वाऱ्यावर सोडणे एवढे पाप माणसाला पुरेसे आहे, या अर्थाची हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. नवरा कंजूष असेल तर बायकोने आपल्याला व मुलांना रीतीप्रमाणे पुरेल एवढे त्याच्या मालातून घ्यावे, अशी मुभा प्रेषितांनी (स.) हिंद बिन्ते उत्बा यांना दिली होती. याचा अर्थ असा की मुलाचा खर्च हा बापाचा उपकार नाही, मुलाचा हक्क आहे.

तलाक झाला तरी हा हक्क तुटत नाही. बिहारच्या नूर सबा खातून यांच्या खटल्यात नेमका हाच प्रश्न आला. १९८६ च्या मुस्लिम महिला कायद्यात मुलांच्या खर्चासाठी जन्मापासून दोन वर्षांची मुदत आहे. तिचा आधार घेऊन बापाने हात वर केले आणि पाटणा उच्च न्यायालयाने ते मानले. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तो निकाल फिरविला. दोन वर्षांची ती तरतूद आईच्या हक्काची आहे. मुलांचा स्वतंत्र हक्क फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली कायम राहतो. मुले सज्ञान होईपर्यंत किंवा स्वतः कमावू लागेपर्यंत आणि मुलींच्या बाबतीत लग्न होईपर्यंत मुस्लिम बापाने खर्च दिलाच पाहिजे, असा तो निकाल आहे. न्यायालयाने त्यासाठी मुस्लिम कायद्यातील बापाच्या जबाबदारीचाही आधार घेतला. १ जुलै २०२४ पासून कलम १२५ ची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ ने घेतली आहे.

दुसरी बाब शिक्षण व हुन्नर. सहा ते चौदा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. पण वह्या, दप्तर, रिक्षा आणि चौदानंतरची वर्षे बापाच्याच अंगावर आहेत. मूल स्वतःच्या पायावर उभे राहील एवढी विद्या किंवा कारागिरी त्याला देणे हे देण्यातच येते.

तिसरी बाब मुलांमध्ये समानता. नुमान बिन बशीर यांच्या वडिलांनी एका मुलाला भेट दिली आणि प्रेषितांना (स.) साक्षीदार व्हायला सांगितले. सर्व मुलांना असेच दिले का, अशी विचारणा झाली. "नाही" म्हटल्यावर प्रेषितांनी (स.) साक्ष नाकारली आणि मुलांमध्ये न्याय करण्यास सांगितले. मुलाला मोटारसायकल आणि मुलीची फी "परवडत नाही", असे ज्या घरात चालते त्या घराने ही हदीस आठवावी.

चौथी बाब वारसा साफ ठेवणे. प्रेषितांनी (स.) हजरत साद बिन अबी वक्कास यांना एक-तृतीयांशापेक्षा जास्त मालाची वसीयत करू दिली नाही. वारसांना लोकांपुढे हात पसरायला लावण्यापेक्षा सुस्थितीत ठेवून जाणे बरे, हे त्याचे कारण सांगितले.

पाचवी बाब बापाचे कर्ज मुलाच्या माथी न मारणे. मुस्लिम कायद्यात वारस आपल्या वाट्याला आलेल्या मालापुरताच बापाच्या कर्जाला जबाबदार असतो. पण बाजारात सावकार मुलाच्या दारात उभा राहतो आणि मूल बापाच्या नावासाठी मान खाली घालते.

देणे नव्हे, हौस

आता उलट बाजू पाहू. पाचशे पानांचे लग्न, जहेजचे फर्निचर, नावावर प्लॉट, बारशाला मांडव : यांपैकी काहीही देण्याच्या यादीत नाही. अकीका ऐपतीप्रमाणे करावा. हुंडा देणे व घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही आपल्या कारागिरांचे भांडवल सर्वांत जास्त कोठे बुडते, तर मुलांच्या लग्नांत. फी भरायला पैसे नसतात आणि मांडवाला कर्ज मिळते. ही वही उलटी लिहिली गेली आहे.

मुलीला जहेज दिले म्हणून तिचा वारसा हक्क फिटला, हेही चूक आहे. जहेज ही देणाऱ्याची हौस आणि वारसा हा अल्लाहने ठरवून दिलेला वाटा. एकाने दुसरा फिटत नाही.

हिशेब कसा बसवावा?

समजा परतूरला एका मिस्त्रीचे फर्निचरचे छोटे दुकान आहे. आकडे केवळ समजण्यासाठी धरले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे घालावेत.

महिन्याचे निव्वळ उत्पन्न १८,००० रुपये. पतिपत्नी व म्हातारी आई यांचा घरखर्च १३,०००. शिल्लक ५,०००.

आता एका मुलाचा खर्च आजच्या किमतीत धरू. जन्मापासून पाच वर्षे महिना १,५०० म्हणजे ९०,०००. पुढची नऊ वर्षे महिना २,००० म्हणजे २,१६,०००. चौदा ते वीस ही सहा वर्षे महिना ५,००० म्हणजे ३,६०,०००. एकूण ६,६६,०००. वीस वर्षांचे २४० महिने होतात. म्हणजे महिन्याला सरासरी २,७७५ रुपये.

यातून तीन गोष्टी निघतात.

एक, शिल्लक ५,००० असताना एका मुलाचा खर्च आरामात निघतो. दोन मुलांसाठी सरासरी ५,५५० लागतात, म्हणजे महिना ५५० रुपयांची कमाई वाढवावी लागेल. तिसऱ्यासाठी ८,३२५ लागतात, म्हणजे वाढ ३,३२५ ची हवी. ती येणार कोठून, हा प्रश्न मूल येण्याआधी विचारायचा आहे. उत्तर असेल तर बिस्मिल्ला. उत्तर नसेल तर थांबणे हा गुन्हा नाही.

दोन, खर्च सारखा नसतो. तो शेवटी फुगतो. म्हणून पहिल्या दिवसापासून सरासरीचा हप्ता बाजूला काढावा. पहिली पाच वर्षे महिना १,५०० खर्चून उरलेले १,२७५ ठेवले तर ७६,५०० जमतात. पुढची नऊ वर्षे महिना ७७५ ठेवले तर ८३,७०० जमतात. एकूण १,६०,२००. शेवटच्या सहा वर्षांत दरमहा २,२२५ कमी पडतात, त्यांची बेरीजही तेवढीच १,६०,२०० होते. ज्याने हप्ता ठेवला त्याला मूल अकरावीत गेल्यावर सावकाराकडे जावे लागत नाही. महागाई धरून हप्ता दरवर्षी थोडा वाढवावा.

तीन, अंतराचा फायदा. दोन मुलांत दोन वर्षांचे अंतर असेल तर मोठ्या खर्चाची चार वर्षे एकत्र येतात आणि त्या काळात महिन्याला १०,००० लागतात. चार वर्षांचे अंतर असेल तर अशी दोनच वर्षे येतात. दोन-दोन वर्षांच्या अंतराने तीन मुले असतील तर दोन वर्षे महिन्याला १५,००० लागतील. कितीतरी दुकाने याच दोन वर्षांत गहाण पडतात.

आपल्या भागाची एक खास अडचण आहे. परतूरचा बाजार कापूस आणि सोयाबीनवर चालतो. शेतकऱ्याच्या हाती पैसा दिवाळीच्या आसपास येतो आणि फर्निचरची मागणी त्यानंतर व लग्नसराईत निघते. शाळा मात्र जूनमध्ये उघडतात, जेव्हा गिऱ्हाइकाचा पैसा बी-बियाण्यात गेलेला असतो आणि दुकानात माशा मारायची वेळ असते. म्हणून दरमहा हप्ता जमत नसेल तर हंगामात तिप्पट काढून ठेवावा. जूनची फी ही मार्चच्या गल्ल्यातून काढायची असते.

ही रक्कम दुकानाच्या गल्ल्यात मिसळू नये. मोसमात माल भरण्यासाठी घ्यावीच लागली तर "दुकान मुलाचे देणे लागते" असे तारखेसह लिहावे आणि परत करावे. रक्कम आपल्या मालकीची असेल तर जकातीच्या हिशेबात ती धरावी. मुलींसाठी पोस्टात सुकन्या समृद्धी योजना २०१५ पासून आहे, पण ती व्याजाची आहे. ज्यांना व्याज नको त्यांनी सोने किंवा वेगळे खाते असा मार्ग धरावा. राज्य सरकारची लेक लाडकी योजना १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलींसाठी आहे. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड आणि वर्षाला एक लाखापर्यंत उत्पन्न असलेल्या घरात मुलीला जन्मापासून अठरा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने १,०१,००० रुपये मिळतात. पुढचे हप्ते मिळण्यासाठी कुटुंबनियोजन शस्त्रक्रियेचे प्रमाणपत्र मागितले जाते. ज्यांना ती मान्य नाही त्यांनी ही रक्कम हिशेबात धरू नये.

बाप अचानक गेला तर

हिशेबातला सर्वांत कच्चा दुवा बापाचे आयुष्य. त्यासाठी कागद आजच करावेत.

मुस्लिम कायद्यात अज्ञान मुलांच्या मालमत्तेचा पालक प्रथम बाप, मग त्याने नेमलेला वसी, मग आजोबा व त्यांचा वसी. आईचे नाव या यादीत आपोआप येत नाही. बाप गेल्यावर मुलांचा वाटा असलेल्या दुकानाचा व्यवहार करायचा तर आईला १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली जालन्याला जिल्हा न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. पण बापाने वसीयतीत पत्नीलाच वसी नेमले तर ही वेळ टळते. एक साधा कागद, दोन साक्षीदार. एवढ्याने मुलांचे दुकान दीर-पुतण्यांच्या भांडणातून वाचते.

वाटणीचा क्रम लक्षात ठेवावा. आधी दफनाचा खर्च, मग कर्ज, मग एक-तृतीयांशापर्यंतची वसीयत आणि उरलेल्याचे वाटे. पत्नीचा न दिलेला मेहर हे कर्जच आहे. सर्व वजा जाता ८ लाख उरले आणि पत्नी, एक मुलगा व दोन मुली मागे असतील तर पत्नीला आठवा हिस्सा १ लाख, मुलाला ३.५ लाख आणि प्रत्येक मुलीला १.७५ लाख. दुकान मुलगा चालविणार असेल तरी बहिणींच्या वाट्याची रक्कम ठरवून, मुदत घालून लिहावी.

एखाद्याचा मुलगा त्याच्या हयातीतच वारला आणि दुसरा मुलगा जिवंत असेल तर वारलेल्या मुलाच्या लेकरांना आजोबांचा वारसा मिळत नाही. वसीयतीचा एक-तृतीयांश नेमका अशा नातवंडांसाठी वापरता येतो. ज्या आजोबांनी तो कागद केला नाही त्यांची नातवंडे चुलत्याच्या दयेवर वाढतात.

ज्या घरी पाळणा हलला नाही

संतती अल्लाहच्या देण्यातली आहे. कोणाला मुली, कोणाला मुलगे, कोणाला काहीच नाही, हे कुरआनच्या अध्याय ४२ मध्ये सांगितले आहे. म्हणून मूल नसलेल्या स्त्रीला लग्नाच्या मांडवात टोचून बोलणे हा गुन्हाच समजावा. अशा जोडप्याने भावाचे किंवा अनाथ मूल वाढवावे. ते वारस होत नाही, पण हयातीत हिबा करून किंवा वसीयतीच्या एक-तृतीयांशातून त्याची सोय करता येते. मूल नसताना विधवेचा वाटा चौथा हिस्सा असतो आणि उरलेले नवऱ्याच्या नातलगांकडे जाते. म्हणून पत्नीचा मेहर देऊन टाकणे आणि तिचे राहते घर हयातीतच तिच्या ताब्यात देऊन हिबा करणे हे अशा नवऱ्याचे पहिले काम.

या आठवड्याचा अभ्यास

१. वहीचे एक कोरे पान घ्या. वर पतिपत्नी दोघांची नावे लिहा. उत्पन्न, घरखर्च व शिल्लक मांडा.

२. प्रत्येक मुलासाठी वीस वर्षांचे तीन टप्पे पाडा. कोणत्या वर्षी खर्च सर्वांत जास्त होतो ते शोधा.

३. गेल्या पाच वर्षांत देण्यावर किती आणि हौसेवर किती खर्च झाला, त्या दोन रकमा शेजारी शेजारी लिहा.

४. मुलीच्या व मुलाच्या शिक्षणावरचा खर्च वेगळा काढा. फरक असेल तर कारण लिहा. ते कारण मुलीला वाचून दाखविता येईल का, पाहा.

५. वसीयत व वसीची नेमणूक झाली आहे का? नसेल तर दोन साक्षीदारांची नावे आजच लिहून ठेवा.

हे पान पतिपत्नी दोघांनी मिळून भरावे. पुढचे मूल हवे की नको, आता की दोन वर्षांनी, याचे उत्तर त्याच पानावर सापडेल आणि जे उत्तर येईल त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. मूल आपल्या घरी येण्यासाठी अर्ज करीत नाही. त्याला बोलावणारे आपण आहोत. बोलावलेल्या पाहुण्याची सोय आधी पाहणे ही तर आपल्या घरांची जुनीच रीत आहे.